मयतीची वाट

मी तापट आहे. माझ्या माहेरी, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात, एखाद्या पोरीनं आदळआपट केली की अजूनही 'आत्यावर गेली' म्हणतात. अशा बाईनं जन्मभर पगार घेतला तो स्वतःचं डोकं थंड ठेवण्याचा आणि दुसऱ्यांचीही थंड ठेवण्याचा. माझ्या नवऱ्याला हा विनोद फार आवडायचा. बैठकीहून आले की मी भाकऱ्या करायला बसे आणि तो शेजाऱ्यांना सांगे, "आज बोलणी फिसकटली वाटतं. थापण्याचा आवाज ऐका."

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, संवादातून प्रश्न सुटल्याचे अनुभव लिहा. फराळाबरोबर लोकांना काही चांगलं वाचायला मिळू दे." त्यांचा स्वभाव गोड आहे, मला नाही म्हणवलं नाही. आता मी जे लिहिणार आहे ते फराळाबरोबर पचेल की नाही, ते त्यांचं त्यांनी पाहावं.

मी एका संस्थेत संघटक होते. संघटक म्हणजे काय, हे मला माझ्या सख्ख्या भावालाही समजावता आलं नाही. तो पाहुण्यांना सांगायचा, "ही गावोगाव भांडणं लावते." भांडणं आम्ही लावत नाही. ती आधीच लागलेली असतात. एका बाजूला बोलायची सवय असलेली माणसं असतात आणि दुसऱ्या बाजूला ऐकून घ्यायची सवय झालेली. या दुसऱ्यांना टेबलापर्यंत न्यायचं, तिथं त्यांचा आवाज फाटू द्यायचा नाही आणि घरी परतेपर्यंत त्यांच्यात फूट पडू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. वाचायला सोपं वाटतं.

यात राग आणि रडू यांचा बंदोबस्त सर्वांत आधी करावा लागतो. साहेबापुढे गरीब माणूस चिडला की साहेबाचं निम्मं काम झालं. मग विषय पाण्याचा राहत नाही, या बाईच्या भाषेचा होतो. रडलं तर त्याहून सोपं. साहेब चहा मागवतात, पंखा वाढवतात, "तुम्ही आधी शांत व्हा" म्हणतात, आणि बाई शांत होईपर्यंत कचेरीची वेळ संपते.

म्हणून मी आधी तालीम घ्यायचे. साहेब मी व्हायचे. माझ्यात एक नालायक साहेब दडलेला आहे, तो मी मनसोक्त बाहेर काढायचे. पेन टकटक करायचे, बोलणाऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायचे, मध्येच "हं, पुढे" म्हणायचे. एकदा एका बाईनं खरोखरच पायातली चप्पल काढली. मग ती रडली, मग हसत सुटली, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या साहेबापुढे इतकं नेमकं बोलली की त्यानं पेन खाली ठेवलं. राग आदल्या दिवशी माझ्यावर सांडून जायचा आणि टेबलावर फक्त मुद्दा न्यायचा, ही माझी रीत. दुसरी रीत अशी की बोलणारा एकच. त्याला सगळ्यांनी मिळून निवडायचं, आणि बैठकीत तो जो शब्द देईल तो सगळ्यांचा. नाहीतर समोरची मंडळी एकेकाला बाजूला घेतात, खांद्यावर हात टाकतात, आणि बोलणी तिथंच संपतात.

समोरचाच रडायला लागला तर काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. एका साखर कारखान्यावर, कुठल्या ते सोडा, ऊसतोड कामगारांचं बघणारे एक अधिकारी होते. पाथर्डीकडच्या बायका तोडीला गेल्या होत्या. कोप्यांजवळ, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांजवळ, पाण्याची टाकी आणि आंघोळीला आडोसा, एवढीच त्यांची मागणी. आडोसा नसल्यानं त्या उजाडायच्या आत उघड्यावर अंग धुवायच्या. अधिकाऱ्यानं सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि ढसाढसा रडायला लागला. "माझी आईपण उसातच राबली हो!" बायका विरघळल्या. एकीनं त्याला पदरानं वारा घातला. "रडू नका साहेब, चालायचंच," म्हणत सगळ्या त्याची समजूत काढून बाहेर आल्या. टाकी आली नाही. पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा गेलो, तो पुन्हा रडला. परतताना एक म्हातारी मला म्हणाली, "लई देवमानूस हाय, ताई. पानी देत न्हाई, पन रडतोय तरी." मला हसावं की तिथंच डोकं आपटावं ते कळेना.

त्या दिवसापासून 'समजूत' या शब्दाचा मला राग आहे. आपल्या भाषेत समजूत घालतात आणि समजूत काढतात. घाला किंवा काढा, अर्थ एकच: ज्याचं गेलं त्यानं गप्प बसायचं. साहेबाची समजूत कुणी घालत नाही, बागाईतदाराची कुणी काढत नाही. आणि बैठकीत समोरच्यानं तुम्हाला 'समजूतदार' म्हटलं की पिशवी उचलून निघावं, कारण तुम्ही हरलेला असता. हे मला फार उशिरा कळलं. जिथं कळलं ते सांगते.

तिसगावपासून आत एक गाव आहे. गावाबाहेर ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती, पणजोबांच्या काळापासूनची. वस्तीचं एक छोटं देऊळ आहे, चर्चला तिकडे देऊळच म्हणतात, आणि शेतांपलीकडे कबरस्थान. मधे दगडूअण्णा पाटलांचं रान. रानातून कबरस्थानाकडे जायची पायवाट होती. कुणी दिली, कधी दिली, कुणाला ठाऊक नाही. कागदावर ती नव्हती, पायाखाली होती. अण्णांनी डाळिंबाची बाग लावली तेव्हा रानाला तारेचं कुंपण घातलं आणि वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवून कुलूप लावलं. कबरस्थानाच्या दुसऱ्या अंगाला खडीसाठी फोडलेली खाण आहे, उभा कडा. तिकडून शेळीही उतरत नाही.

हे माझ्यापर्यंत आणलं मार्थाबाईनं. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. तिची एकुलती एक मुलगी रेश्मा ऊसतोडीला गेली असताना तापानं गेली, दूर, परजिल्ह्यात. तिथंच पुरून टाका म्हणत होते सगळे. मार्थाबाई टेम्पोत मुलीचं डोकं मांडीवर घेऊन गावी आली आणि तिला इथल्या मातीत ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी देवळातली भक्ती संपली की ती कबरीपाशी जाऊन बसायची. आठवड्यात काय झालं ते पोरीला सांगायची. कोणाची शेळी व्याली, कोणाचं लग्न ठरलं, डाळ कशी महागली. तिच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं आणि तिला दुसरं काही नको होतं. फाटक लागलं त्या रविवारी ती तारेला हात लावून उभी राहिली आणि परत आली.

वस्तीतल्या बाकीच्यांनाही फाटक खुपत होतं, पण वेगळ्या कारणानं. उद्या कोणी गेलं तर पेटी न्यायची कुठून, ही त्यांची काळजी. दोन्ही काळज्या एकाच कुलपाला अडकल्या होत्या, म्हणून आम्हाला त्या एकच वाटल्या. वस्तीनं बोलायला निवडलं मार्थाबाईच्या दिराला, दानियलला. शांत माणूस. अण्णांच्याच बागेत छाटणीला जायचा. वस्तीतली निम्मी माणसं अण्णांच्या बागेत कामाला होती आणि उन्हाळ्यात सगळी वस्ती अण्णांच्या बोअरचं पाणी प्यायची.

तालमीला मी दगडूअण्णा झाले. मांडी ठोकून म्हणाले, "ही माझी जिमीन हाय. कुनाच्या बापाची वाट?" पोरंटोरं हसली. मी मार्थाबाईला म्हणाले, "ओरडा माझ्यावर. काय वाटतं ते सगळं बोला." ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला रविवारी पोरीकडं जायाचंय." बस्स. मी पुष्कळ माणसांना नेमकं बोलायला शिकवलं, या बाईला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. दानियलला मी सांगितलं, बैठकीत पहिलं वाक्य हेच.

बैठक गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. तालुक्याहून एक साहेब आले होते. तरणे, सौजन्यशील, प्रत्येकाला 'आपण' म्हणणारे. दगडूअण्णा स्वच्छ धोतर नेसून आले. त्यांना खलनायक करणं सोयीचं झालं असतं, पण ते तसे नव्हते. रेश्माची पेटी गावात आली तेव्हा खड्डा खणायला माणसं त्यांनीच दिली होती.

दानियल उभा राहिला आणि पहिलंच वाक्य विसरला. म्हणाला, "मयतीची लई आडचन हुती, अण्णा."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आरं, मयतीला म्या कधी आडीवलं का? दुश्मनाच्या मयतीलाबी मानूस वाट देतोय. येरवाळी येऊन सांगा, म्या सवता फाटक उघडीन. टोपी काढून हुबा ऱ्हाईन."

व्हरांडा सुखावला. आपल्याकडे हे असंच आहे. जित्या माणसाला बांधावरून बोटभर सरकू देणार नाहीत, पण मयतीपुढे सगळे उदार. साहेबांनी ते उदारपण लगेच शब्दांत बांधलं. "मग असं ठरलं. मयत असेल तेव्हा वाट खुली."

मार्थाबाई बायकांत मागे बसली होती. तिचा आवाज आला. "आन मयत नसंल तवा?"

अण्णा हळू बोलले, खरोखर मायेनं. "मार्थे, तुझी पोर मला परकी हुती का? पन आज तू येशीन, उद्या समदे येतील. ठिबकच्या नळ्या तुडवत्यात, फाटक उघडं ऱ्हातं, डुकरं घुसत्यात. येकदा वाट दिली का ती वाटच हुती, बाय."

मी उठले. माझा आवाज मला ओळखीचा वाटला, थंड, पगारी. म्हणाले, "साहेब, मयत वाट मागत नाही. तिला चार माणसं उचलून नेतात. वाट जित्यांना लागते. मागणी रविवारची आहे." ईस्टरच्या पहाटे सगळी वस्ती कबरस्थानात जाते, कबरींवर फुलं ठेवते, तेही सांगितलं. रविवारी तासभर फाटक उघडावं, नळ्यांच्या वरून फरशी टाकून देऊ, असा तोडगाही मी घेऊन गेले होते.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चांगले ऐकणारे होते. मग हसून म्हणाले, "ताई, आपण समजूतदार आहात. मोठा प्रश्न सुटतोय. एकाच्या भावनेपायी तो अडवायचा का?" आणि दानियलकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

दानियलनं माझ्याकडे पाहिलं नाही, भावजयीकडेही नाही. त्यानं अण्णांकडे पाहिलं. "आमाला मान्य हाय," तो म्हणाला.

झालं. बोलणारा एकच, आणि त्याचा शब्द सगळ्यांचा. माझीच रीत. मी काय करणार? मी वस्तीची नोकर होते आणि वस्तीला तेवढंच हवं होतं, तिला उन्हाळ्यात पाणी प्यायचं होतं. संघटक लोकांच्या मागणीपेक्षा मोठी मागणी करू शकत नाही, हे मी स्वतः नवीन पोरापोरींना शिकवत आले. मला असा काही राग आला की त्या सुंदर बोलणाऱ्या साहेबाच्या थोबाडीत द्यावी. मी त्यांच्याशी नमस्कार-चमत्कार केले. चहा घेतला. वस्तीच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली. दानियल मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, वैनीची तेवडी समजूत काढा. तुमचं ऐकंल ती."

मी काढली नाही. मार्थाबाईशेजारी नुसती जाऊन बसले. ती म्हणाली, "तुमी तर नीट बोल्ला, ताई. माझं येकटीचं दुखनं, त्याला कितीजन येनार?" म्हणजे शेवटी तिनंच मला सांभाळून घेतलं. या धंद्यात अशी लाज वारंवार वाट्याला येते.

संस्थेच्या अहवालात हे प्रकरण 'यशस्वी' या सदरात गेलं.

त्यानंतर मी निवृत्त झाले आणि नगरला घरी बसले. गावाकडच्या बातम्या फोनवर यायच्या. मार्थाबाई रविवारी तारेपाशी उभी राहते. मार्थाबाई आजारी माणसांच्या घरी फार जाते, पेज करून नेते, पाय दाबते. आधी लोकांनी कौतुक केलं. मग कोणीतरी म्हणालं, "मार्था मयतीची वाट बघती." हसण्यासारखं बोलणं होतं आणि लोक हसले. पण नंतर दुखणेकऱ्यांच्या घरचे लोक तिला दारातूनच परत पाठवू लागले. तिची पेज अपशकुनी ठरली. हे ऐकलं तेव्हा मी एकटीच घरात मोठ्यानं शिव्या दिल्या. आता भाकरीचा आवाज ऐकायला नवराही उरला नव्हता.

वस्तीतले याकोबबाबा गेले. पिकलं पान, त्यांचं कोणाला फारसं दुःख नव्हतं. अण्णांनी शब्द पाळला. फाटक स्वतः उघडलं, टोपी काढून उभे राहिले. पेटी गेली, गाणी झाली, माती झाली. सगळे परतले. मार्थाबाई रेश्माच्या कबरीपाशी बसली ती उठली नाही.

मी मेथी निवडत होते. दानियलचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, वैनी उठंना. अण्णा कवाचे कुलूप धरून हुबे हायती. पाळकसाहेबांनी सांगितलं, बायांनी सांगितलं. ती म्हनती, लई दिसाचं सांगायचं ऱ्हायलंय, संपलं का येते. तुमी तिची समजूत काढा. फोन ठेवतो तिच्या कानापशी. मोठ्या आवाजावर लावलाय."

म्हणजे सगळे ऐकत होते. अण्णा, पाळकसाहेब, वस्ती. मी जन्मभर जो आवाज कमावला तो त्यांना हवा होता, एका बाईला तिच्या पोरीपासून उठवायला. काय बोलायचं ते मला तोंडपाठ होतं. मार्थाबाई, आज उठा, आपण पुढचं बघू, अण्णा चांगले आहेत, मी येते तिकडे. या चार वाक्यांवर मी मोर्चे परतवले आहेत.

"मार्थाबाई," मी म्हणाले, "बसा. उठू नका. तुमचं सगळं सांगून होईपर्यंत उठू नका. आणि अण्णा, तुम्ही ऐकताय ना? कुलूप ठेवा खिशात आणि घरी जा."

पलीकडून फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, कोणी उचलला नाही. मेथी तशीच पडली होती. मला बरं वाटत होतं, तेही लिहून टाकते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात होतं तेच तोंडातून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी तिसगावला उतरले, तिथून जीपनं गावात. दानियल फाट्यावरच भेटला. त्यानं नमस्कार केला नाही. म्हणाला, "तुमी आमचं नुकसान केलं, ताई. अण्णा बिथरले. आता म्हंत्यात, मयतीला फाटक उघडीन, पन संगं बाया न्हाई पायजेत. निस्ते गडी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बोल्लो मान्य हाय. काय बोलनार? पाटलाशी वैर करून इथं ऱ्हाता येतंय व्हय?"

त्याच्या जागी दुसरं काही बोलता आलं असतं, असं मला आजही वाटत नाही, आणि म्हणून त्याच्यावरचा माझा राग कुठं ठेवायचा ते मला कळत नाही.

मार्थाबाई अंगणात शेळीला पाला घालत होती. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठले होते, निळे. मला बघून तिनं पोतं झटकून अंथरलं आणि बसायला सांगितलं. मी तिचा हात धरला. मला वाटलं होतं ती रडेल. निदान माझ्यावर तरी ओरडेल, तालमीतला तो राहिलेला राग आता तरी काढेल. मी ते सगळं अंगावर घ्यायला तयार होऊन आले होते.

"माझं बोलनं आर्ध्यात ऱ्हायलं, ताई," ती म्हणाली. "चौघांनी उचलली मला. दोन हाताला, दोन पायाला. दीर, त्याची पोरं, समदे आपलेच." तिनं उरलेला पाला शेळीपुढं सारला. "लोकं त्या वाटंनं उचलून जात्यात. म्या पायानं गेले आन उचलून आले."